पॉलिश आधी, पन्हळ नंतर : एका जुन्या मुख्यालयाच्या दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

इमारत मुंबईच्या फोर्टमधली. संस्थेचं नाव, रस्ता आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. कामाचा क्रम आणि आमच्या चुका मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत. मी त्या संस्थेच्या मालमत्ता विभागात अभियंता होतो, आणि खाली येणाऱ्या पहिल्या चुकीवर सही माझी आहे.

१८६०च्या दशकात बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत फोर्टची तटबंदी पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढची तीसेक वर्षं घडीव दगडाच्या इमारती उभ्या राहत गेल्या. १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर आणि १८९३ साली पूर्ण झालेलं महापालिकेचं मुख्यालय सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्या आसपास व्यापारी पेढ्या, विमा कंपन्या, बँका यांनीही आपापल्या ऐपतीप्रमाणे मुख्यालयं बांधली. आमची त्यांपैकी एक. तळमजला आणि वर तीन मजले. जोतं काळ्या बेसाल्टचं, दर्शनी भिंत मालाडच्या पिवळसर दगडाची आणि कमानी, स्तंभशीर्षं, कंगणी (भिंतीच्या माथ्यावरची बाहेर आलेली दगडी पट्टी) असं सगळं कोरीव काम पोरबंदरच्या दगडात. पोरबंदरचा दगड म्हणजे चुनखडीचा. छिन्नीखाली लोण्यासारखा, आणि शहरी धुरापुढेही जवळजवळ तसाच.

आत पहिल्या मजल्यावर सभादालन. भिंतींना खांद्यापर्यंत बर्मा सागवानाचं तावदानी काम, म्हणजे चौकटीत बसवलेल्या लाकडी फळ्या, वर सागाचीच तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, शेजारी कोरीव कठड्याचा रुंद जिना. तक्तपोशी मी नोकरीला लागलो तेव्हा दिसतच नव्हती, कारण तिच्याखाली वातानुकूलन यंत्रणेसाठी खोटं छत मारलेलं होतं. इमारत वारसा यादीत दोन-अ श्रेणीची. म्हणजे बाहेरच्या दुरुस्तीला वारसा समितीची परवानगी लागते आणि आतले बदलही तपासणीखाली येतात.

दोन तक्रारी, दोन फायली

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कंगणीच्या नक्षीचा नारळाएवढा तुकडा पोर्चवर पडला. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. त्याच महिन्यात सभादालनाच्या पश्चिम भिंतीची तीन तावदानं फुगली. सफाई करणाऱ्या मावशींनी दाखवलं, खालच्या पट्टीत बोट सहज आत जात होतं.

कार्यालयीन पद्धतीप्रमाणे दोन फायली उघडल्या गेल्या. दगडाची फाइल स्थापत्य शाखेकडे गेली, लाकडाची अंतर्गत सजावटीकडे. दोन्ही माझ्याच टेबलावरून जात होत्या, पण वेगवेगळ्या दिवशी. कोसळलेली कंगणी आणि फुगलेली तावदानं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आहेत, हे इमारतीचा नकाशा पुढ्यात असूनही मला दिसलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत संस्थेचा मोठा वर्धापनदिन होता. साहजिकच लाकडाची फाइल पुढे सरकली, कारण पाहुणे सभादालनात बसणार होते. दगडासाठी पोर्चवर जाळी बांधली आणि «धोका» अशी पाटी लावली.

पहिला निर्णय, जो चुकला

सजावटीच्या ठेकेदाराने पश्चिमेची तावदानं उतरवली. मागची भिंत हाताला गार लागत होती आणि तिच्यावर पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार, फुललेला होता. तावदानं ज्यांवर ठोकली होती त्या पट्ट्या वाळवीने आणि कुजीने अर्ध्या संपल्या होत्या. ठेकेदाराचा प्रस्ताव सरळ होता: भिंतीला आतून जलरोधक रसायनाचे दोन हात द्यायचे, सागाच्या पट्ट्यांऐवजी प्लायवूड बसवायचं, तावदानं घासून त्यांवर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारायचं. सहा आठवडे.

त्या दिवशी थांबायला हवं होतं. भिंत ओली आहे, तर पाणी येतंय कुठून, एवढा एक प्रश्न पुरला असता. पण «समारंभानंतर दगडाचं काम निघणारच आहे, तेव्हा बाहेरून बघू» असं मी टिपणीत लिहिलं आणि सही केली. वारसा समितीकडेही गेलो नाही. पॉलिशच तर करतोय, त्यात कसली परवानगी, असा समज. कंत्राटात प्लायवूड आणि रसायन असताना ते पॉलिश राहत नाही, हे नंतर समितीसमोर मान खाली घालून ऐकलं.

फेब्रुवारीत दालन आरशासारखं चमकत होतं. फोटो छान आले.

जुलैत पश्चिमेची तावदानं पुन्हा फुगली, या वेळी तीन नव्हे, सात. पीयूच्या थराखाली दुधी डाग आले. आणि जे आधी नव्हतं ते दिसू लागलं: ओल वर चढली होती. खोट्या छताची एक चौकट काढून पाहिलं, तर तक्तपोशी पेलणाऱ्या तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक स्क्रूड्रायव्हरने टोचता येत होतं.

झालं असं होतं. दोन फुटांहून जाड भिंत, आत चुन्यात बसवलेला दबर, म्हणजे ओबडधोबड दगडांचा भराव. बाहेरच्या सांध्यांमध्ये कधीतरी, बहुधा सत्तर-ऐंशीच्या दशकात, सिमेंटच्या दरजा भरलेल्या. भिंतीत शिरलेलं पाणी पूर्वी चुन्याच्या सांध्यातून बाहेर सुकायचं. सिमेंटने ती वाट बंद केली, म्हणून ते आतल्या बाजूने सुकू लागलं आणि तावदानामागे लोणा फुलवू लागलं. आम्ही रसायन मारून तीही वाट बंद केली. मग पाणी जिथे वाट मिळेल तिथे, म्हणजे तुळईच्या टोकाकडे गेलं.

छत्री घेऊन उभं राहणं

यानंतर संवर्धनाचा अनुभव असलेल्या एका वास्तुविशारद बाईंना नेमलं. पहिल्या भेटीत त्यांनी काही मोजलं नाही. म्हणाल्या, «जोराचा पाऊस आला की फोन करा, दिवस-रात्र कधीही.» चौथ्या दिवशी दुपारी नैर्ऋत्येचा वारा घेऊन सर आली. आम्ही दोघं समोरच्या फुटपाथवर छत्र्या धरून पाऊण तास उभे होतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी माझी इमारत पावसात बाहेरून कधी पाहिली नव्हती. पाऊस आला की आम्ही आत जायचो.

त्या पाऊण तासात बहुतेक निदान झालं. गच्चीच्या कठड्यामागची दगडी पन्हळ तुंबून पाणी कंगणीवरून ओघळत होतं. बिडाचा पावसाळी पाइप एका जागी भिंतीत गाडलेला होता, तिथे दगड बाकीच्यापेक्षा काळा दिसत होता. आणि जिथे पाऊस मुळीच पोचत नाही अशा कमानीखालचं पोरबंदरचं शीर्ष ओलं होतं. त्यावर एसीची निचरा नळी ठिबकत होती. नळीसाठी कमानीच्या नक्षीतूनच भोक पाडलेलं. ते कोणी आणि कधी पाडलं याची नोंद नाही, पण आमच्याच विभागाच्या परवानगीशिवाय एसी बसत नाही.

पुढे उपकरणंही आली. दगडाच्या पृष्ठाला चिकटवायची काचेची नळी, तिच्यातलं पाणी किती वेळात शोषलं जातं ते पाहायचं. सिमेंटच्या दरजेवर नळी लावली तर पाणी हलत नव्हतं. दरजा आणि दगड यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीवर लावली तर बघता बघता खाली गेलं. पाणी आत जायला फट होती आणि बाहेर यायला सांधा नव्हता.

पर्याय

दोन्ही फायली एकत्र करायचा आदेश बाईंनी मागून घेतला. त्यावर आठ दिवस गेले, आणि ते सत्कारणी लागले असं मी आज म्हणतो.

पहिला पर्याय सिलिकॉनयुक्त जलरोधक फवारणीचा. विक्रेत्याने दगडाच्या तुकड्यावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळवून दाखवले आणि संचालक खूश झाले. पण आमच्या भिंतीत आधीच क्षार भरलेले. फवारलेल्या थराच्या मागे पाणी वाफ होऊन जाईल आणि क्षार तिथेच स्फटिक बनतील. ते फुगले की थरासकट दगडाचा पापुद्रा सुटतो. हा पर्याय बाद केला, पण तो बाद करायला तीन बैठका लागल्या, कारण तो सर्वांत स्वस्त होता आणि एका उन्हाळ्यात संपणारा होता.

दुसरा पर्याय झिजलेला प्रत्येक दगड बदलण्याचा. इमारत नवीकोरी दिसावी असं वाटणाऱ्यांची याला पसंती. अडचण दगडाचीच होती. मालाडच्या खाणी केव्हाच बंद होऊन तिथे वस्ती झाली. जैसलमेरचा पिवळा दगड रंगाला जवळ जातो, पण तो चुनखडीचा आणि मालाडचा ज्वालामुखीतला. शेजारी शेजारी बसवले तर पाच-सात पावसाळ्यांत दोघांची कातडी वेगवेगळी होणार.

तिसरा पर्याय आम्ही घेतला. आधी पन्हळ, पाइप आणि एसीच्या नळ्या. मग सिमेंटच्या दरजा काढून चुन्याच्या भरायच्या. दगड फक्त तिथेच बदलायचा जिथे तो भार पेलेनासा झालाय किंवा पाणी भिंतीपासून दूर टाकायचं काम करेनासा झालाय. नाक झिजलेल्या सिंहमुखाला नवं नाक नाही, पण पावळी, म्हणजे पाणी भिंतीपासून दूर टाकणारी कड, झिजलेल्या कंगणीला नवी पावळी. आणि लाकडाला भिंत सुकेपर्यंत हात लावायचा नाही.

हे शेवटचं कलम सर्वांना जड गेलं. जाड भिंत इंचाला महिना या अदमासाने सुकते. म्हणजे सभादालन वर्षाहून जास्त काळ उघड्या भिंतींचं राहणार, आणि संचालक मंडळाच्या बैठका शेजारच्या हॉटेलात. अध्यक्षांनी विचारलं, «पंखे लावून लवकर नाही का होत?» जोरात सुकवली तर क्षार एकदम पृष्ठावर येतात आणि लाकूड तडकतं. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण त्यांनी होकार दिला.

दगडाचं काम

पावसाळा संपल्यावर परांची बांधली. एक मीटर चौरसाचे नमुने आधी केले, सफाईचे चार आणि दरजेचे तीन. वाळूचा मारा नमुन्यालाही करू दिला नाही. धुराचे काळे पोपडे पोरबंदरच्या दगडावर पाऊस न पोचणाऱ्या कोनाड्यांत जास्त होते. धुरातल्या गंधकामुळे चुनखडीचा जिप्सम होतो आणि तो काजळी धरून ठेवतो. पाण्याचं बारीक तुषार सोडून, मऊ कुंचल्याने आणि चिवट जागी कागदाच्या लगद्याचा लेप लावून ते निघाले. सगळे नाही काढले. जिथे पोपड्याखालचा दगड भुसभुशीत झाला होता तिथे काळेपणा तसाच ठेवला. पोपडा काढला असता तर नक्षीही त्याच्याबरोबर आली असती.

दरजा काढताना पहिल्याच आठवड्यात गोंधळ झाला. उपठेकेदाराच्या मुलांनी ग्राइंडर लावला. काम भराभर होत होतं. मी परांचीवर चढलो तेव्हा दोन ओळींमधल्या चिऱ्यांच्या कोरा कापल्या गेल्या होत्या, आणि उभ्या सांध्यांत पातं वरच्या-खालच्या दगडात घुसलं होतं. ते कापे आजही दिसतात. ग्राइंडर बंद करून हातोडा आणि बारीक छिन्नीवर आलो. वेग चौथ्या हिश्श्यावर आला. ज्या ठिकाणी सिमेंट दगडाला इतकं घट्ट धरून होतं की काढताना कोर तुटत होती, तिथे ते राहू दिलं. पाथरवटांचे मुकादम म्हणाले, «साहेब, हे त्याचं तो सोडेल तेव्हा काढू.» मला हा निर्णय तेव्हा ढिलाई वाटला होता. आता वाटत नाही.

चुन्याबद्दल एक गमतीची गोष्ट. जुनं बांधकाम म्हटलं की गूळ, मेथी, बेलफळ, उडीद यांची यादी कोणीतरी काढतंच, आणि आमच्याकडेही निघाली. बाईंनी भिंतीच्या गाभ्यातला मूळ चुना प्रयोगशाळेत दिला. चुना, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) निघाली. आम्हीही तेवढंच घातलं. गूळ काही इमारतींत घालत असतील, आमच्या इमारतीत तो घातल्याचा पुरावा नव्हता. कळीचा चुना आवारातच विरवला आणि झाकून मुरत ठेवला. दरजा भरल्यावर ओली गोणपाटं सोडली, कारण ऑक्टोबरच्या उन्हात चुना घट्ट होण्याआधीच सुकून भुगा होतो.

कंगणीत मूळ दगड एकमेकांना लोखंडी आकड्यांनी जोडलेले होते. पडलेल्या तुकड्याचं कारण तेच. गंजलेलं लोखंड मूळच्या कैक पट जागा मागतं आणि दगड चिरतो. जिथे पोचता आलं तिथे आकडे काढून स्टेनलेस स्टीलचे बसवले. पोरबंदरचा नवा दगड मिळाला, पण दोन ठोकळे चुकीच्या पडीने बसले. गाळाच्या दगडाचे थर पुस्तकाच्या पानांसारखे असतात, ते उभे दर्शनी आले की पानासारखे सुटतात. एक काढून पुन्हा बसवला. दुसरा लक्षात आला तोवर वरची ओळ चढली होती. तो कुठे आहे ते मला माहीत आहे, आणि देखभालीच्या नकाशावर लाल खूण आहे. मालाडचा दगड एका पाडलेल्या जुन्या कुंपणभिंतीचा मिळाला, एक ट्रक. त्याचे चार इंची काप करून झिजलेल्या चिऱ्यांच्या जागी बसवले.

लाकडाचं काम

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर भिंतीतल्या ओलीचे आकडे स्थिरावले आणि लाकडाला सुरुवात झाली. आतलं जलरोधक रसायन आधीच खरवडून काढलं होतं.

तुळईचं कुजलेलं टोक कापलं. त्याला जुन्याच सागाचा जोड तिरक्या सांध्याने दिला आणि बाजूंना पोलादी पट्ट्या. मूळ टोक भिंतीच्या कप्प्यात मोकळं होतं, पुढे कोणीतरी त्याभोवती सिमेंट ठासलं होतं. आता पुन्हा मोकळी जागा ठेवली. नवा साग घेतला नाही. लागवडीच्या सागात काठ (सालीलगतचं कच्चं लाकूड) जास्त, गाभा कमी, आणि वाळवीला काठ आवडतो. जुन्या लाकडाच्या वखारीत चांगल्या तुळया मिळतात, फक्त आत दडलेले खिळे करवतीला भारी पडतात.

सुतारकाम कोकणातल्या एका वयस्कर सुतारांनी केलं. सगळे त्यांना काका म्हणत. तावदानं पूर्वी कशी बसवली होती ते त्यांनी उरलेल्या दोन जुन्या पट्ट्यांवरच्या खिळ्यांच्या भोकांवरून वाचलं. प्लायवूड बघून म्हणाले, «फळी भिंतीला चिकटवायची नसते साहेब, भिंतीपाशी उभी करायची असते.» त्यांनी मागे इंचभर पोकळी ठेवली, खालच्या पट्टीमागे आणि वर कंगोऱ्यामागे हवेसाठी चिरा ठेवल्या. समोरून त्या दिसत नाहीत.

इथे माझी आणखी एक चूक. तावदानं उतरवताना मागे खडूने क्रमांक घातले होते. वर्षभर रेकॉर्डच्या खोलीत रचून ठेवल्यावर चारांचे क्रमांक पुसले गेले. ती चार कुठली हे रंगावरून आणि खिडकीच्या उन्हाने पडलेल्या फिकट पट्ट्यावरून काकांनी ठरवलं. एक बहुधा चुकलं आहे. पितळी बिल्ले ठोकायला किती खर्च आला असता?

पीयू पॉलिश काढणं हे सर्वांत कष्टाचं ठरलं. कॉस्टिकच्या टाकीत बुडवून झटपट निघेल असं सुचवलं गेलं. पण त्याने साग काळा पडतो आणि सरसाचे जुने सांधे सुटतात, म्हणून गरम हवा आणि खरवडणी. पीयूखाली जुन्या रंगाचे थर निघाले, त्यांत शिसं असण्याची शक्यता होती म्हणून मुखपट्ट्या आणि ओली सफाई. शेवटी लाखेचं स्पिरिट पॉलिश, मलमलीच्या पुडीने, जानेवारीत. दमट हवेत लाख पांढरी पडते. पहिल्या वेळी आम्ही पीयू निवडलं त्याचं एक कारण हेच होतं, की कधीही मारता येतं.

खोटं छत परत लावलं नाही. वातानुकूलन जमिनीलगतच्या यंत्रांवर आणलं. तक्तपोशी दिसते.

परिणाम

नंतरच्या दोन पावसाळ्यांत पश्चिम भिंतीमागच्या पट्ट्यांमधली ओल सोळा टक्क्यांच्या आसपास राहिली. विसाच्या वर गेली की कूज धरते. वायव्य कोपरा मात्र दोन्ही वर्षं बावीसवर गेला. तिथे बिडाचा गाडलेला पाइप अजून आहे. तो काढायचा तर रेकॉर्डची खोली रिकामी करावी लागते, आणि ती कोण रिकामी करणार यावर पत्रव्यवहार चालू आहे.

खर्च मूळ दोन निविदांच्या बेरजेपेक्षा जास्त झाला. त्यात पहिल्या पॉलिशचे आणि ते काढण्याचे पैसे धरले तर हिशोब आणखी वाईट दिसतो. दर्शनी भाग ठिगळांचा दिसतो: कंगणीचे नवे ठोकळे पांढरेफेक, जुने काळपट. नव्या अध्यक्षांनी ते एकसारखे रंगवता येतील का असं विचारलं. नकाराचं पत्र बाईंनी लिहून दिलं.

पुन्हा करायचं झालं तर

एकच फाइल. हे पहिलं, आणि त्यासाठी शाखा मोडावी लागली तरी चालेल. दुसरं, समारंभासाठी तावदानांवर काहीच न करता समोर पडदे लावले असते. तेवढ्याने फेब्रुवारी निभावला असता आणि तुळईचं टोक कदाचित वाचलं असतं. तिसरं, ठेकेदाराच्या करारात ग्राइंडरबंदी लिहायला हवी होती. तोंडी सांगितलं होतं, पण बिलाचं मोजमाप चौरस मीटरवर असताना कोण ऐकणार? दरजेचं काम रोजंदारीवर द्यायला हवं होतं. चौथ्या गोष्टीबद्दल माझं आणि बाईंचं आजही जमत नाही: त्यांच्या मते नमुने एक पूर्ण पावसाळा ठेवून मगच पुढे जायला हवं होतं. मी म्हणतो, परांचीचं भाडं कोण देणार होतं.

पन्हळीची सफाई आता वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये होते, आणि तिची तरतूद वेगळ्या शीर्षाखाली आहे, म्हणजे कोणी ती रंगकामाला वळवू शकत नाही. निघालेल्या गोष्टींची नोंदवही ठेवली आहे. गेल्या मे महिन्याची नोंद अशी: पिंपळाची दोन रोपं मुळासकट, कबुतराचं एक घरटं, बिस्किटांचे पुडे, आणि एसीची एक नवी निचरा नळी, तिसऱ्या मजल्यावरून, विनापरवाना.